दंतकथेपलीकडे : हाड, दात आणि वीज



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी 'विज्ञान' हा शब्द पहिल्यांदा शुद्ध लिहावयास शिकलो, त्याच शाळेने स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना आम्ही विद्यार्थी नुसते 'सर' म्हणत असू. आजही मी तोच शब्द वापरणार आहे. स्वतःच्या नावाचा पुकारा त्यांना कधीच रुचला नाही आणि तो मी त्यांच्या पश्चात करू इच्छीत नाही.

मी मराठीचा अध्यापक. निमंत्रण देणाऱ्यांची अपेक्षा अशी होती की, मी संतवाङ्मयावर किंवा गोव्यातील मराठीच्या परंपरेवर बोलावे. मी मात्र विषय कळविला तो असा : दातांभोवतीचे झिजलेले हाड विजेच्या साहाय्याने पुन्हा वाढविता येईल काय, ह्या प्रश्नाचा इतिहास. चिटणीसांनी दूरध्वनी करून विचारले, "सर, विषय नीट ऐकला ना आम्ही?" त्यांनी तो नीटच ऐकला होता. ह्या विषयाशी माझा संबंध काय, हे मी व्याख्यानाच्या उत्तरार्धात सांगेन. त्यात थोडी कबुली आहे आणि ती देण्यासाठी ह्या शाळेइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.

उखळ आणि मुसळ

माझे बालपण पेडणे महालातील एका वाड्यावर गेले. पहाटे विहिरीपाशी आंब्याचे पान दुमडून किंवा राखुंडी बोटावर घेऊन दात घासणारी माणसे मला आजही दिसतात. आजीच्या तोंडात मी जाणता झालो तेव्हा पुढचे चारच दात होते. ते हलत असत. त्या काळी हलणारा दात म्हणजे जाणारा दात, हे सर्वांना मान्य होते. १९५५ नंतर सीमा बंद झाल्या आणि बांदा-सावंतवाडीकडे जाणेही कठीण झाले. म्हापशापर्यंत जाऊन दात दाखवावा, ही गोष्ट आमच्या घरी कुणाच्या मनातही आली नसती. दोरा, दार आणि मिठाचे पाणी एवढेच आमचे दंतवैद्यक होते.

आपल्या परंपरेत ह्या रोगाचे ज्ञान नव्हते, असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली असून त्यांतील पंधरा रोग दातांच्या मुळांचे, म्हणजे हिरड्यांचे आहेत. हिरडीतून अकस्मात रक्त येणे आणि तोंडास दुर्गंधी येणे ह्यास तेथे 'शीताद' म्हटले आहे. हिरडीचा दाह होऊन दात हलू लागतात, त्यास 'उपकुश' हे नाव आहे. आपण ज्याला सरसकट 'पायोरिया' म्हणतो, त्याची ही पूर्वजांनी केलेली टिपणे होत.

त्याच ग्रंथात सांध्यांचे आठ प्रकार आहेत. त्यांतील एकाचे नाव 'उलूखल', म्हणजे आपले उखळ. हा सांधा खांद्यास, जांघेस आणि दातांस असतो, असे सुश्रुत म्हणतो. भाषेचा अभ्यासक म्हणून मला ही उपमा फार मोलाची वाटते. दात हे मुसळ आणि जबड्याचे हाड हे उखळ. मात्र आधुनिक शरीरशास्त्राने त्यात एक सूक्ष्म भर घातली. दात हाडाला चिकटलेला नसतो. दोहोंच्या मध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा एक पडदा असतो आणि दात त्यावर झोळीतल्या मुलासारखा टांगलेला असतो. हिरडीखाली कीटण साचले, त्यातील जीवाणूंनी दाह निर्माण केला, की हे तंतू सुटतात आणि उखळाची कड विरघळू लागते. आजीचे दात गेले ते दातांच्या दोषाने नव्हे. उखळच झिजले होते. दात किडला तर दिसतो आणि दुखतो. हाड झिजते ते बहुधा दिसत नाही, दुखतही नाही. म्हणूनच हा रोग फसवा आहे.

एकदा गेलेले हे हाड परत येत नाही, असे दीर्घकाळ मानले जात होते. ते आणता येईल काय, हा प्रश्न विजेपाशी कसा गेला, ते आता पाहू.

बेडकाचा पाय आणि नव्या काबिजादी

गोव्याच्या इतिहासात अठराव्या शतकाचा नववा दशक महत्त्वाचा. १७८१-८२ च्या सुमारास डिचोली आणि सत्तरी पोर्तुगिजांकडे गेली, १७८८ मध्ये पेडणे गेले, आणि आपला हा सारा प्रदेश 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखला जाऊ लागला. नेमक्या त्याच वर्षांत इटलीतील बोलोन्या नगरात लुइजी गाल्वानी हा शरीरशास्त्राचा अध्यापक मेलेल्या बेडकाच्या पायाला धातूचा स्पर्श करून तो पाय झटका देतो, हे पुन्हापुन्हा तपासून पाहत होता. १७९१ मध्ये त्याने आपला निबंध प्रसिद्ध केला. प्राण्याच्या देहातच वीज आहे, असे त्याचे म्हणणे. आलेस्सांद्रो व्होल्टाने ते नाकारले. वीज दोन भिन्न धातूंच्या संबंधातून येते, असा त्याचा पक्ष होता आणि त्याच वादातून १८०० साली त्याची विद्युत्‌घटमाला जन्मास आली. पुढच्या काळाने ठरविले ते असे की, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

वीज हाती येताच ती रोग्याला लावून पाहण्याचा मोह वैद्यांना आवरला नाही. १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तांतात, १८१२ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात नडगीचे न सांधणारे हाड विजेचे झटके देऊन सांधल्याची हकीकत आहे. हाड आणि वीज ह्यांची गाठ पडल्याची ही बहुधा सर्वांत जुनी नोंद. पण एक रोगी बरा झाला, एवढ्याने काय सिद्ध होते? पुढे युरोप-अमेरिकेत विजेचे पट्टे, विजेच्या साखळ्या सर्व व्याधींवर विकल्या गेल्या आणि हा विषय शहाण्या वैद्यांनी वर्ज्य मानला.

झाडाखाली मूर्च्छित झालेला मुलगा

येथे मी गोव्याच्याच एका सुपुत्राचे स्मरण करतो. पणजीस जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया ह्यांचा पुतळा आपण सर्वांनी पाहिला आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत ह्यांनी घडविलेला तो पुतळा १९४५ साली उभारला गेला. बारदेशातील कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेले फारिया पुढे पॅरिसला गेले. त्या काळी पॅरिस मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ने भारले होते. वैद्याच्या हातातून एक अदृश्य द्रव वाहतो आणि तो रोग्याला बरे करतो, असा मेस्मरचा दावा.

१७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला. विजेचा अभ्यासक बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे त्याचे सदस्य होते. त्यांनी रोग्यांचे डोळे बांधले. फ्रँकलिनच्या बागेतील एक झाड 'भारण्यात' आले आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडाझाडांपाशी नेण्यात आले. तो मुलगा मूर्च्छित झाला खरा. पण न भारलेल्या झाडापाशी! उपचार झाला असे केवळ वाटल्यानेही देहावर परिणाम होतो, हे त्या दिवशी उघड झाले. फारिया ह्यांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करून हेच सूत्र पुढे नेले : कोणताही द्रव नाही, निद्रेचे कारण निद्रिस्त होणाऱ्याच्या ठायीच आहे. त्यांचा ग्रंथ १८१९ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी आला.

ही कथा सरांनी आम्हांला वेगळ्याच रीतीने शिकविली. मुक्तीनंतरची ती वर्षे. मी मामाकडे डिचोलीस राहून शिकत होतो. एके दिवशी सरांनी प्रत्येकाला एक जस्ताची पट्टी आणि एक तांब्याचे नाणे दिले. पट्टी जिभेखाली, नाणे जिभेवर, आणि दोहोंची पुढची टोके एकमेकांना टेकवायची. टेकताच जिभेला एक विचित्र चव लागते. तीच वीज, असे सरांनी सांगितले. आम्ही प्रयोग केला. "कुणाकुणाला चव लागली?" सरांनी विचारले. जवळजवळ सर्व हात वर गेले. मी तर उभा राहिलो आणि ती चव कशी गंजलेल्या खिळ्यासारखी आहे, हे अलंकारिक मराठीत सांगितले.

मग सर म्हणाले, "आता पट्टीचे टोक नीट पाहा." निम्म्या वर्गाच्या पट्ट्यांच्या टोकाला त्यांनी मेणकागदाचा तुकडा डकवून ठेवला होता. त्यांच्या जिभेत वीज वाहणे शक्यच नव्हते. माझ्या पट्टीलाही कागद होता.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. 'मोजले कोणी? किती वेळा? आणि न करता काय झाले असते?' "हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा," ते म्हणाले, "बाकीचे पुस्तक विसरलात तरी चालेल."

क्योतोतील हाड

आता हाडाकडे परत येऊ. १८९२ मध्ये जर्मन शल्यवैद्य युलियुस वोल्फ ह्याने असे प्रतिपादन केले की, हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते. जेथे भार तेथे हाड दाट होते. भार नाहीसा झाला की ते विरळ होते. ओझी वाहणाऱ्याचे हाड आणि अंथरुणाला खिळलेल्याचे हाड ह्यांतील फरक त्याने नियमात बसविला. परंतु भार आला आहे, हे हाडातील पेशींना कळते कसे?

उत्तराचा एक धागा १८८० मध्येच सापडला होता. झाक आणि पियर ह्या क्युरी बंधूंनी दाखविले की, काही स्फटिक दाबले असता त्यांच्या पृष्ठभागावर विद्युत्‌भार निर्माण होतो. हाच गुण हाडात असल्याचे जपानात उघड झाले. क्योतोचे अस्थिवैद्य इवाओ यासुदा आणि भौतिकशास्त्रज्ञ एइइची फुकादा ह्यांनी १९५७ साली हाडातील ह्या गुणावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. हाड वाकविले की दाबल्या गेलेल्या बाजूस ऋण आणि ताणल्या गेलेल्या बाजूस धन विद्युत्‌भार येतो. दाबलेल्या बाजूस हाड वाढते, हे वोल्फपासून ठाऊक होते. मग ऋण टोक बाहेरून दिले तर तेथे हाड वाढेल काय? १९६२ मध्ये अमेरिकेत बॅसेट आणि बेकर ह्यांनीही ताणाखालील हाडातील विद्युत्‌दाब मोजून दाखविला. हा विषय आता प्रयोगशाळांत स्थिरावला.

पुढील संशोधनाने एक दुरुस्ती केली. जिवंत, ओल्या हाडात स्फटिकासारख्या गुणापेक्षा हाडातील सूक्ष्म कालव्यांतून वाहणाऱ्या क्षारयुक्त द्रवाचा वाटा मोठा आहे. भार पडला की हा द्रव सरकतो आणि त्याच्या सरकण्याने विद्युत्‌दाब उपजतो. स्पंज पिळावा तसे प्रत्येक पावलागणिक आपले हाड पिळले जाते, आणि प्रत्येक घासागणिक दातांचे उखळही.

१९७१ मध्ये फ्रीडेनबर्ग, ब्रायटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोट्याजवळचे न सांधलेले हाड एकदिश प्रवाहाने सांधल्याचे जाहीर केले. ऋण टोकाशी वीस मायक्रोअँपिअरच्या आतबाहेरचा प्रवाह हाडाला मानवतो, असे ह्या मंडळींच्या प्रयोगांतून दिसले. साठ वॅटच्या दिव्यातून जेवढा प्रवाह वाहतो, त्याच्या सुमारे तेरा हजाराव्या हिश्श्याएवढा हा प्रवाह. ऋण टोकाभोवती प्राणवायू घटतो, अल्कता वाढते, अस्थिजनक पेशींत कॅल्शियमचा संचार वाढतो आणि वाढीची द्रव्ये स्रवू लागतात, अशी त्याची कार्यपद्धती आज सांगितली जाते. त्वचेला छेद न देता बाहेरून विद्युत्‌क्षेत्र किंवा स्पंदित चुंबकीय क्षेत्र देण्याच्या रीतीही निघाल्या. १९७९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने न सांधणाऱ्या हाडांसाठी अशा उपकरणास मान्यता दिली.

ही बातमी सरांनी कोठल्याशा इंग्रजी मासिकात वाचली. मी तेव्हा महाविद्यालयात शिकवू लागलो होतो. त्यांचे अंतर्देशीय पत्र आले : 'दाबातून निर्माण होणाऱ्या ह्या विजेला मराठीत काय म्हणावे? मुलांना सांगावयाचे आहे.' मी त्या वेळी पीएच.डी.च्या प्रबंधात बुडालो होतो. दोन महिन्यांनी मी 'संपीडनजन्य विद्युत्' असा भारदस्त शब्द कळविला. सरांचे उत्तर एका ओळीचे होते : 'दाबविद्युत् पुरे, दाब मुलांना कळतो.' पुढे मला आढळले की, परिभाषाकारांनीही तोच शब्द स्वीकारला होता.

खोटे यंत्र

मान्यता मिळाली म्हणून वाद संपला नाही, आणि ह्या इतिहासातील हा भाग मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. १९८४ मध्ये बार्कर आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी नडगीचे हाड न सांधलेल्या सोळा रोग्यांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. नऊ जणांना खरे चुंबकीय यंत्र दिले, सात जणांना हुबेहूब तसेच दिसणारे पण निष्क्रिय यंत्र. कोणाचे कोणते, हे रोग्याला ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नाही. खऱ्या यंत्राच्या नवांपैकी पाच जणांचे हाड सांधले. खोट्या यंत्राच्या सातांपैकीही पाच जणांचे! सर्वांनाच पाय हलवू न देता दीर्घ विश्रांती दिली होती, आणि गुण कदाचित त्या विश्रांतीचा होता. हा सरांचा मेणकागदच होय.

त्यानंतर १९९० मध्ये शॅरर्ड ह्यांनी पंचेचाळीस रोग्यांवर अशीच दुहेरी अंध चाचणी केली. हाड सांधण्यास विलंब लागलेल्या ह्या रोग्यांत मात्र खऱ्या यंत्राचा गट स्पष्टपणे पुढे निघाला. तेव्हा उत्तर 'होय' की 'नाही'? उत्तर असे की, काही अस्थिभंगांत, योग्य निवड केली तर, विजेची मदत होते. सर्वत्र नाही आणि हमखास नाही. असे उत्तर जाहिरातीच्या उपयोगाचे नसते. शास्त्राची बहुतेक प्रामाणिक उत्तरे अशीच असतात.

दाताभोवतीचे हाड

पायाच्या हाडात जे घडते ते जबड्यात घडेल काय, हा प्रश्न दंतशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच हाती घेतला. १९८० मध्ये डेव्हिडोविच आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या हिरडीला सूक्ष्म प्रवाह देऊन, दात सरकविताना भोवतालच्या हाडाची उलाढाल वेगाने होते, असे दाखविले. त्याच सुमारास दातांभोवतीचे उखळ पुन्हा घडविण्याची दुसरी, विजेशिवायची वाटही उघडली. १९८२ मध्ये स्वीडनमध्ये निमान, लिंडे आणि कारिंग ह्यांनी हिरडी आणि दात ह्यांच्यामध्ये एक पातळ पडदा बसविला. हिरडीची त्वचा वेगाने वाढते आणि रिकामी जागा व्यापून टाकते. तिला पडद्याने थोपविले, तर तंतू आणि हाड ह्यांच्या मंद पेशींना आपली जागा परत घेण्यास अवधी मिळतो. धसमुसळ्या शेजाऱ्याला कुंपण घातले म्हणजे मूळ मालकाला आपली पडीक जमीन कसता येते, तसेच हे.

आज ह्या दोन वाटा एकत्र येऊ पाहत आहेत. चावताना दाब पडला की आपोआप विद्युत्‌भार निर्माण करणाऱ्या पडद्यांवर प्रयोगशाळांत काम चालू आहे. दुसरीकडे, १९९२ मध्ये कॉस्टर्टन आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, जीवाणूंच्या चिकट थरावर प्रतिजैविकाबरोबर क्षीण विद्युत्‌क्षेत्र दिले तर औषधाचा प्रभाव पुष्कळ वाढतो. आणि दातावरचे कीटण हाही असाच थर. पण हे सारे मुख्यतः प्राण्यांवरील आणि थोड्या रोग्यांवरील प्रयोगांच्या पातळीवर आहे. आज दंतवैद्याच्या खुर्चीत नित्याचा उपचार आहे तो हिरडीखालची सफाई, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, हाडाचे कलम आणि पडदा. वीज अजून उंबरठ्यावर आहे. कीटण काढल्याशिवाय कोणतीही वीज उपयोगाची नाही, हे तर उघडच आहे. आग विझल्याशिवाय कुणी घर बांधावयास घेत नाही.

माझी दंतकथा

आता कबुलीकडे येतो. मराठीत 'दंतकथा' म्हणजे तोंडोतोंडी चालत आलेली, आधार नसलेली गोष्ट. माझी ही दंतकथा दोन्ही अर्थांनी दंतकथा आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वी माझे मागचे दात हलू लागले. क्ष-किरण चित्रात हाड झिजल्याचे दिसले. दंतवैद्याने हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे जाण्यास सांगितले. मी चालढकल केली, कारण आजीचे चार दात माझ्या डोळ्यांपुढे होते आणि निकाल ठरलेलाच आहे असे मला वाटे. त्याच दिवसांत एका सभागृहात भरलेल्या विक्री-शिबिराचे पत्रक घरी आले. गालांना दोन चकत्या लावायच्या, रोज वीस मिनिटे सौम्य वीज घ्यायची, सहा महिन्यांत हिरड्यांखाली नवे हाड. पत्रकाचे मराठी उत्तम होते. मला सांगण्यास संकोच वाटतो, पण मी ते आधी भाषेसाठी वाचले. वाक्ये आटोपशीर, शब्द घरगुती, एकही छपाईची चूक नाही. त्यात 'जपानी शास्त्रज्ञांचा शोध' असाही उल्लेख होता आणि तेवढा तर खराच होता! निवृत्तिवेतनाच्या निम्म्याहून अधिक रक्कम मोजून मी ते यंत्र घेतले.

चौदा महिने मी चकत्या लावून बसलो. गालांत मुंग्या येत आणि मला वाटे, हाड वाढत आहे. दात कमी हलतात, असे मी घरी सांगूही लागलो. गंजलेल्या खिळ्याची चव सांगणारा तो मुलगा माझ्यात अजून जिवंत होता. मग एका रात्री गाल सुजला. दोन दाढा काढाव्या लागल्या.

ज्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पुढे माझ्या हिरड्यांवर उपचार केले, त्या ह्याच तालुक्यातल्या. १९८० साली सुरू झालेल्या आणि आज बांबोळीस असलेल्या गोवा दंत महाविद्यालयात शिकलेल्या. १८४२ मध्ये पणजीस वैद्यकीय शाळा सुरू झाली, पण दंतवैद्यकाच्या महाविद्यालयासाठी गोव्याला त्यानंतर १३८ वर्षे थांबावे लागले. माझ्या आजीच्या वाट्याला ते येणे शक्यच नव्हते. बाईंनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, "सर, ह्या चौदा महिन्यांत हिरड्यांची सफाई कुणी केली होती का?"

"नाही."

"मग दाढा यंत्राने नाही गेल्या. ते यंत्र आहे म्हणून तुम्ही आला नाहीत, त्याने गेल्या."

नंतर त्या रोगाविषयी समजावून सांगू लागल्या. त्यांचे ज्ञान निर्मळ होते, पण प्रत्येक दुसरा शब्द इंग्रजी. मी म्हटले, "बाई, हेच मला मराठीत सांगाल का? मला घरी सांगावयाचे आहे." त्या थांबल्या, दोन-तीनदा आरंभ केला आणि मग ओशाळून म्हणाल्या, "सर, आम्हांला हे मराठीत कुणी शिकवलंच नाही."

मित्रहो, हे वाक्य त्या दोन दाढांपेक्षा मला अधिक लागले. पस्तीस वर्षे मराठी शिकविणारा मी त्यांच्यासमोर बसलो होतो.

शब्दांचे ऋण

मला फसविणाऱ्याजवळ उत्तम मराठी होते आणि मला वाचविणाऱ्याजवळ ते नव्हते. माझ्या व्याख्यानाचे तात्पर्य एवढेच आहे. ज्या भाषेत आशा विकली जाते, पण शंका विचारता येत नाही, त्या भाषेतील माणूस उघड्यावर पडतो. हे आपल्या पूर्वसूरींनी ओळखले होते. येथून दूर नसलेल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर १८३२ मध्ये 'दर्पण' काढून थांबले नाहीत. १८४० मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' मासिकातून शास्त्रीय विषय मराठीत आणले. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक ह्यांनी विज्ञानाची पुस्तके मराठीत लिहिली. १९२८ पासून 'सृष्टिज्ञान' आणि १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद हे काम करीत आली आहे. आम्ही विद्यापीठीय मराठीवाले मात्र ह्या परंपरेला वाङ्मयेतिहासात एक परिच्छेद देतो आणि पुढच्या कादंबरीकडे वळतो. मीही तेच केले.

नव्वदीच्या दशकात सर गेले. त्यांच्या घरच्यांनी मला त्यांची एक वही दिली होती. ती मी नुसती कपाटात ठेवली. दाढा गेल्यानंतर ती उघडली. तिच्या पहिल्या पानावर ते तीन प्रश्न आहेत आणि पुढे डाव्या बाजूस इंग्रजी, उजव्या बाजूस मराठी शब्द. 'दाबविद्युत्' तिथे आहे. अनेक ठिकाणी उजवी बाजू कोरी आहे. एका कोऱ्या जागेपुढे शिसपेन्सिलीने माझे नाव लिहून प्रश्नचिन्ह केले आहे. ते पत्र मला कधी आले नाही. किंवा आले असेल आणि मी उत्तर दिले नसेल. मला आठवत नाही, आणि हे न आठवणेच मला टोचते.

गेल्या काही वर्षांत डॉक्टरीणबाई आणि मी मिळून त्या कोऱ्या जागांपैकी काही भरल्या. बाई अर्थ सांगतात, मी शब्द सुचवितो, आणि शेजारची सातवीतली मुलगी तो शब्द तिला कळला की नाही ते सांगते. तिला कळला नाही तर शब्द बाद. 'अस्थिजनक' तिने दोनदा नापास केला; तिसऱ्यांदा 'हाड बांधणाऱ्या पेशी' असे म्हटले तेव्हा ती म्हणाली, "असं सांगा ना!" दाताच्या खाचणीला आम्ही 'उखळ' हाच शब्द ठेवला. मिक्सर आलेल्या घरांत उखळ कुणी पाहिले आहे, असा प्रश्न तिने विचारला. मी तिला पेडण्याला नेऊन आमच्या पडवीतले दाखवून आणले.

तीच ही वही. आज मी ती शाळेच्या ग्रंथालयास देत आहे. तिची निम्मी पाने अजून कोरी आहेत. माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, खाणींत आणि बँकांत आयुष्य घालविलेले आहेत. प्रत्येकाने आपापल्या कामातले दहा शब्द सातवीच्या मुलाला कळतील अशा मराठीत लिहून द्यावेत, एवढी माझी विनंती आहे. आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच की, गोड मराठीत कुणी काही विकावयास आला, तर पहिल्या पानावरचे तीन प्रश्न त्याला विचारा.

जाता जाता एक अगदी साधी गोष्ट. दात घासताना कुणाच्या हिरडीतून रक्त येत असेल, तर माझ्यासारखे चौदा महिने थांबू नका. ह्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जा.